तू श्वास घे, सूर मी धरते

एक सोपा प्रयोग करून बघा. मोठा श्वास घ्या, 'आ' म्हणा आणि जमेल तितका वेळ धरून ठेवा. दहा सेकंद, पंधरा, फार तर वीस-पंचवीस. मग आवाज थरथरायला लागतो, चेहरा लाल होतो आणि आपण थांबतो. आता एखाद्या चांगल्या कॉयरचं गाणं ऐका. तिथे तोच 'आ' मिनिटभर चालू राहतो. कुठे तुटत नाही, कुठे फट दिसत नाही. ही माणसं रोज पहाटे प्राणायाम करतात की काय?

नाही हो. ती आळीपाळीने श्वास घेतात. लांबलचक सूर आला की शेजारच्यांनी एकाच वेळी थांबायचं नाही, एवढाच नियम. शेजारची थांबली की मी गात राहायचं आणि मी थांबले की तिने. हळूच बाहेर पडायचं, श्वास घ्यायचा आणि दार न वाजवता परत आत यायचं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. संगीतात याला 'स्टॅगर्ड ब्रीदिंग' म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव आहे 'तू घे, मी आहे'.

कॉलेजच्या वयात मित्र कुठे भेटतात, प्रेम कुठे जमतं, याची उत्तरं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. कट्टा, कँटीन, लायब्ररी (हो, लायब्ररीसुद्धा), फेस्ट, ढोल-ताशा पथक, एकांकिकेच्या तालमी आणि अर्थातच मोबाइलमधली ॲप्स. या यादीत आणखी एका जागेची भर घालायला हवी असं मला वाटतं. चार वर्षं मी त्या जागेत दर आठवड्याला दोन तास उभी आहे.

चार आवाज, एक गाणं

कॉयर म्हणजे नुसतं 'सगळ्यांनी मिळून गाणं' नाही. शाळेच्या प्रार्थनेत आपण सगळे एकच चाल गातो. कॉयरमध्ये आवाजांचे साधारण चार गट असतात. मुलींचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो, खालचे म्हणजे आल्टो. मुलांचे उंच आवाज टेनर आणि खर्जातले बास. चौघांच्या ओळी वेगळ्या, पण त्या एकाच वेळी गायच्या. त्या एकमेकींवर नीट बसल्या की जो आवाज तयार होतो, तो चौघांपैकी एकाचाही नसतो.

मी आल्टो आहे. गाण्याची ओळखीची, सुंदर चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे जाते. बास पायाचे दगड घालतात. टेनर कमी असतात, म्हणून त्यांचे लाड होतात. राहिलेले सूर आल्टोच्या वाट्याला. पानभर एकच सूर आणि मध्येच अर्ध्या पायरीची चढउतार, असा आमचा कारभार. घरी प्रॅक्टिस केली की आई विचारते, 'हे गाणं कधी सुरू होणार?' पण आल्टो गप्प बसले की गाणं लगेच पोकळ वाटतं. हे मला सांगून पटलं नसतं. एकदा आम्हाला मुद्दाम गप्प बसवलं, तेव्हा पटलं.

हा प्रकार फक्त चर्चपुरता किंवा फक्त पाश्चात्त्य आहे, असा एक समज असतो. तो अर्धाच खरा आहे. आपलं शास्त्रीय संगीत एकेका आवाजाचं आणि रागाचं; चार वेगळ्या ओळी एकमेकींवर रचायची त्याला सवय नाही. पण मुंबईत १९५०च्या दशकात सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयर उभा केला आणि भारतीय गाण्यांना हा साज चढवला. १९५८ मध्ये रुमा गुहा ठाकुरता यांनी कलकत्ता यूथ कॉयर सुरू केला. मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी तिथल्या तरुणांना एकत्र आणलं. मुंबईतच व्हिक्टर परांज्योती यांनी कॉयर बांधला आणि त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो कित्येक दशकं चालवला. आपले वसंत देसाई, ज्यांची सिनेमातली गाणी आजी-आजोबांना तोंडपाठ असतात, ते हजारो शाळकरी मुलांना एका मैदानात एका सुरात गायला लावायचे.

आपल्या पिढीला आठवणारं नाव म्हणजे शिलाँग चेंबर कॉयर. नील नाँगकिनरिह हे पियानोवादक परदेशातून शिलाँगला परतले आणि २००१ मध्ये त्यांनी हा कॉयर सुरू केला. २०१० मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकून तो घराघरात पोहोचला. त्याच वर्षी चीनमधल्या वर्ल्ड कॉयर गेम्समध्येही त्यांनी सुवर्णपदकं मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये नील गेले. त्यांच्याबद्दलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पदकांची नाही. कॉयरमधली मुलं त्यांच्या घरीच राहायची. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र रियाज. म्हणजे आधी घर आणि मग गाणं.

रविवारची बंद मेस

मी मूळची परभणीची. बारावीपर्यंत मराठी माध्यम. आमची बॅच कोविडची. कॉलेजचा पहिला दिवस मोबाइलच्या स्क्रीनवर झाला, त्यातही माझा कॅमेरा बंद. पुण्यात प्रत्यक्ष राहायला आले तेव्हा वर्गातल्या साठ जणांची नावं माहीत होती, आवाज मात्र एकाचाही ओळखीचा नव्हता.

पुण्यात राहणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. ज्यांचे ग्रुप असतात ते मजेत बाहेर जेवायला जातात. ज्यांचे नसतात ते खोलीत किटलीत मॅगी करतात आणि घरी फोनवर सांगतात, 'हो, मैत्रिणींबरोबर जेवले.' मी हे वाक्य सलग अकरा रविवार बोलले. आईला ते खरं वाटत होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

बाराव्या रविवारी रूममेट म्हणाली, 'एका शाळेच्या वर्गात काही पोरं गायला जमतात. माझ्याबरोबर चल, नंतर सगळे जेवायला जातात.' मी जेवणासाठी गेले. हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतेय.

पहिल्या दिवशी मी दोन तासांत फार तर दहा वाक्यं बोलले असेन. पण दोन तास गात होते. गायला लागल्यावर 'काय बोलू?' हा प्रश्नच उरत नाही. शब्द आधीच लिहिलेले असतात. कुठे सुरुवात करायची, कुठे थांबायचं हे कंडक्टरचा हात सांगतो. अनोळखी माणसांत आपण जे सगळं घाबरून करतो, ते तिथे कुणीतरी आधीच सोपं करून ठेवलेलं असतं.

भाषेची भीती होती. आजूबाजूला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलं, फाडफाड इंग्रजी. मी गाण्यातले इंग्रजी शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. तेवढ्यात एक लॅटिन गाणं आलं. लॅटिन सगळ्यांनाच परकी! ती काय, मी काय, 'आ'चा आकार सगळ्यांनी नव्यानेच शिकायचा. कॉयरमध्ये शब्दांपेक्षा स्वर महत्त्वाचे. तीस जणांचा 'आ' तीस प्रकारचा असला तर सूर बरोबर असूनही आवाज फाटतो. शेवटचा 'स' तर सगळ्यांनी म्हणायचाच नाही, दोघातिघांनीच म्हणायचा. तीस जणांनी म्हटला तर प्रेशर कुकरची वाफ सुटते.

मग सहा महिन्यांनी एक अभंग बसवायला घेतला. चार आवाजांत. आणि कॉन्व्हेंटवाली मुलं माझ्याभोवती गोळा झाली. 'ळ' कसा काढायचा? 'ण' आणि 'न' यांत फरक काय? एक केरळचा मुलगा होता, त्याचा 'ळ' माझ्यापेक्षा गोड! त्या दिवशी मी पंधरा मिनिटं वर्गाच्या मधोमध उभी राहून 'डोळा, माळ, टाळ' म्हणून दाखवत होते आणि सगळे माझ्यामागून म्हणत होते. पुण्यात आल्यावर माझ्या बोलण्याला हसण्याऐवजी कुणी ते शिकून घेतलं, असं पहिल्यांदाच झालं.

त्या पावसाळ्यात मला डेंगी झाला. आल्टोंचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कुणीही न सांगता एक यादी पडली: सोमवारी डबा कोण आणणार, मंगळवारी कोण, रक्ततपासणीला कोण सोबत जाणार. त्यातल्या दोघींशी माझं तोवर धड बोलणंही झालेलं नव्हतं. आम्ही फक्त शेजारी उभ्या राहून गात होतो.

एवढ्या लवकर कसं काय?

हे मला तेव्हा जादूसारखं वाटलं. पुढे जर्नलिझमच्या असाइनमेंटसाठी शोधायला लागले, तर यावर बरंच संशोधन झालेलं दिसलं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. एका सुरात गाताना त्यांच्या ठोक्यांचा वेग बरोबरच वाढत होता आणि बरोबरच मंदावत होता. कारण अगदी साधं आहे. श्वास सोडताना आपले ठोके थोडे मंदावतात. गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच. नेहमीच्या ओळींत सगळे एकत्र श्वास घेतात, एकत्र सोडतात, म्हणून हृदयंही एकमेकांच्या तालात येतात. 'दिल से दिल मिलना' वगैरे आपण उगाच म्हणत नाही तर!

दुसरा अभ्यास ऑक्सफर्डचा, २०१५ मधला. मोठ्या माणसांसाठीचे वर्ग त्यांनी निवडले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिने सगळ्यांवर लक्ष ठेवलं. गाणारे लोक एकमेकांशी सगळ्यात लवकर जोडले गेले, पहिल्याच महिन्यात. पण सात महिन्यांनी बघितलं तर सगळेच गट सारखे जवळ आले होते. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो गाण्याची खोटी जाहिरात करत नाही. चित्रकलेच्या वर्गातही दोस्ती होते. गाण्यात सुरुवातीचा अवघडलेपणा लवकर जातो, इतकंच. आणि एकट्याने नव्या शहरात आलेल्या माणसासाठी तो पहिला महिनाच सगळ्यात कठीण असतो.

अर्थात, श्वास वाटून घेण्यात धोकाही असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका कॉयरच्या प्रॅक्टिसला ६१ जण आले होते. त्यांपैकी ५३ जण कोविडने आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर जगभरचे कॉयर बंद पडले. ऑनलाइन एकत्र गाता येईल का, तर नाही. नेटवर आवाज पोहोचायला जो क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात ताल विस्कटतो. एरिक व्हिटॅकर या संगीतकाराने २०१० मध्येच 'व्हर्च्युअल कॉयर' केला होता, १२ देशांतले १८५ आवाज. पण त्यात प्रत्येकाने आपापल्या घरी एकट्याने रेकॉर्डिंग केलं आणि नंतर ते जोडलं. ऐकायला ते सुंदरच आहे. तरीही गाताना शेजारी कुणी नसतं. आपण थांबलो तर सूर धरायला कुणी नसतं.

आणि हो, 'ते' प्रेम

तर मंडळी, मुद्द्यावर येऊया. कॉयरमध्ये जोड्या जमतात का? जमतात. आमच्याकडे चार वर्षांत तीन जमल्या आणि त्यातल्या एकीचं लग्न झालं. लग्नात सगळ्या कॉयरने गाणं म्हटलं. मंगलाष्टकांनंतर चार आवाजांत गाणं सुरू झालं तेव्हा भटजीही हातातलं काम थांबवून ऐकत होते.

यात नवल असं काही नाही. आपल्याकडे एकत्र गाणं आणि जुळणं यांचं नातं जुनं आहे. गोव्याचा मांडो घ्या. घुमटाच्या आणि व्हायोलिनच्या साथीवर, दोन आवाजांत गायची ही गाणी. त्यांतली बहुतेक प्रेमाची आणि विरहाची. महाराष्ट्रात १९४०च्या दशकात अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक होतं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी सेवादलातून पुढे आली. गावोगावी हिंडायचं, एकत्र राहायचं, एकत्र गायचं. घरात एखादे जुने सेवादलवाले आजोबा असतील तर त्यांना विचारून बघा, त्या काळात जात न बघता कुणाकुणाची लग्नं जमली. दुपार कमी पडेल.

कॉयरमधलं प्रेम थोडं वेगळ्या वाटेने येतं, असं माझं निरीक्षण. बाहेर आपण आधी माणूस बघतो. फोटो, कपडे, स्टेटस. इथे सगळे एकाच दिशेने, कंडक्टरकडे बघत उभे असतात. शेजारचा किंवा मागचा माणूस दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. तो चुकला की काय करतो, ते कळतं. दुसऱ्यावर ढकलतो की हात वर करतो? (आमच्याकडे चुकल्यावर गप्प हात वर करायचा नियम आहे, म्हणजे कंडक्टरला शोधत बसावं लागत नाही.) दुसऱ्याचा आवाज झाकेल इतक्या जोरात गातो की ऐकून घेऊन गातो? एखाद्याबद्दल हे सगळं पहिल्या कॉफीच्या आधीच कळलेलं असतं.

मलाही असंच कळलं होतं. तो बासमध्ये होता, माझ्या बरोबर मागे. पहिले चार महिने मला त्याचा चेहरा नीट आठवायचा नाही, आवाज मात्र तीस जणांतून ओळखू यायचा. मग कॉफी झाली, मग सिंहगड झाला, मग सगळ्यांना कळलं. अकरा महिने आम्ही बरोबर होतो. त्यानंतर नाही. कारणं आमची दोघांची आहेत आणि दोघांपैकी कुणी वाईट नव्हतं, इतकं पुरे.

सांगायची गोष्ट त्यानंतरची आहे. ब्रेकअपनंतर आपण नंबर ब्लॉक करतो, इन्स्टावर अनफॉलो करतो, कँटीनची वेळ बदलतो. कॉयरमध्ये काय करणार? डिसेंबरचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर. आल्टो पुढे, बास मागे. तोच आवाज, माझ्या डोक्याच्या दोन फूट मागे. मी कंडक्टर ताईला मेसेज टाकला की मी येत नाही. तिचं उत्तर आलं, 'ये. गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस. नुसती उभी राहा.'

मी गेले. आमच्या कार्यक्रमात एक गाणं होतं, त्याच्या शेवटी आल्टोंना एकच सूर जवळपास चाळीस सेकंद धरायचा होता. मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. घसा भरून आला होता. डावीकडच्या मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने फक्त आपला आवाज किंचित वाढवला. उजवीकडचीनेही. माझी जागा त्यांनी भरून काढली. त्या प्रॅक्टिसला मी तो सूर एकदाही गायले नाही आणि तो एकदाही तुटला नाही. पुढच्या रविवारी अर्धा गायले. कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण.

कुणी माझी समजूत काढली नाही. 'जाऊ दे ना, तुला खूप भेटतील' असं कुणी म्हटलं नाही. त्यालाही कुणी वाळीत टाकलं नाही, याचं तेव्हा मला वाईट वाटलं होतं आणि आता बरं वाटतं. तीस जणांनी दोघांनाही धरून ठेवलं. आज तो अजून बासमध्येच आहे. आम्ही बोलतो. त्याचा सूर उतरला की मी मागे वळून बघते आणि तो भुवया उडवतो. हे प्रेम नाही, पण ते संपल्यावर उरणारं काही चांगलं असू शकतं, हे मला दुसरीकडे कुठे शिकायला मिळालं नसतं.

म्हणून कुणी मला विचारलं की कॉयरमध्ये प्रेम मिळतं का, तर मी 'हो' म्हणते. फक्त ते दोघांपुरतं राहीलच याची खात्री नाही. ज्याच्या शोधात जाल त्यापेक्षा वेगळं, आणि कधी कधी जास्त, काहीतरी हाती लागतं.

सगळं गोड गोड नाही

आता तुम्ही म्हणाल, हा काय स्वर्ग आहे का? मुळीच नाही. सोलो कुणाला यावरून रुसवेफुगवे होतात. उशिरा येणारे तेच तेच असतात. 'आमच्या वेळी' म्हणणारे सीनियर असतात, वय वर्षं चोवीस. एखाद्याचा आवाज दुसऱ्यांत मिसळत नाही आणि ते त्याला सांगायचं कुणी, हा यक्षप्रश्न असतो. परीक्षेच्या काळात तीसचे अकरा होतात. पण भांडून पुढच्या रविवारी परत यावंच लागतं, कारण तुमच्याशिवाय तो एक सूर कमी पडतो. ग्रुप सोडून जाणं आपल्या पिढीला एका बोटाचं काम झालंय. इथे जाणारा माणूस ऐकू येतो.

तुम्हालाही यायचंय?

पहिली गोष्ट, 'मला गाता येत नाही' हे कारण चालणार नाही. शेजारच्याचा सूर ऐकून त्यात आपला मिसळता येतो का, एवढंच बहुतेक ठिकाणी बघतात. ऑडिशन म्हणजे साधारण पाच-दहा मिनिटं: कीबोर्डवर वाजवलेला सूर परत गाऊन दाखवायचा, आवाज कुठवर चढतो-उतरतो ते तपासायचं. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसेल तरी अडत नाही. कितीतरी कॉयर ऐकवून ऐकवून शिकवतात. सारेगम येत असेल तर निम्मं काम झालं. आपल्या आवाजाची ओळ मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि बसमध्ये ऐकत जा. आणि हजेरी लावा. गुणवत्तेपेक्षा हजेरीला इथे जास्त मान आहे.

दुसरी गोष्ट, कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात विचारा. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवात समूहगीताची स्पर्धा असते. जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं, आणि सिनेमाची गाणी चालत नाहीत. सहा म्हणजे लपायला जागा नाही, पण सुरुवातीसाठी झकास. मुंबई, पुणे, गोव्यात मोठे कॉयरही आहेत आणि त्यातले अनेक कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही भाषेच्या माणसाला घेतात.

तिसरी गोष्ट, गावात यातलं काहीच नसेल तर चार जण पुरतात. सगळ्यांना येणारं एक सोपं भजन घ्या. दोघांनी सुरू करायचं, उरलेल्या दोघांनी एक ओळ मागून यायचं. पहिल्या दहा वेळा गोंधळ होईल, हसून हसून पोट दुखेल. अकराव्या वेळी क्षणभर दोन्ही ओळी एकमेकींवर नीट बसतील आणि चौघेही एकमेकांकडे बघतील. त्या क्षणासाठीच आम्ही सगळे येतो.

आणि वेळ कोणती ठेवायची हा प्रश्न असेल, तर रविवारची संध्याकाळ बघा. तशीही मेस बंदच असते.